दिवा लावा म्हणायचं नाही

टक् आवाज झाला आणि जेवणाची खोली अंधारली. टेबलावर दोन मेणबत्त्या तेवढ्या राहिल्या, त्याही जळून जळून बोटभर उरलेल्या. दाराशी काका उभे होते, हात अजून बटणावर. काकांची सगळी नोकरी वीज मंडळात झाली होती. खोलीतून बाहेर पडताना त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जाई. घरी काकू आत आंघोळ करत असल्या तरी न्हाणीघरातला दिवा जाई. खोलीत आठ माणसं जेवत बसली आहेत, हे हाताला कुठे माहीत.

"अहो," काकू पुटपुटल्या. एवढ्या एका शब्दात त्यांचं सगळं बोलून झालं.

सकाळी एकत्र फिरायला जाणाऱ्या मंडळींची ही परदेशची सहल. राजवाडे पुरे झाले, या खेपेला माणसं बघू, असं त्यांच्यातल्या हेडसरांनी ठरवलं आणि सगळ्यांना इथल्या ज्यू वस्तीत आणलं. यजमानीणबाई आणि त्यांचे यजमान आजोबा, दोघंही मराठी बोलत. भारतातून आलेल्या आईवडिलांकडची मराठी, जुन्या पितळी डब्यासारखी घासूनपुसून ठेवलेली. आज त्यांच्याकडे शब्बाथचं, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचं, जेवण होतं. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत या घरातलं कुणी दिव्याच्या बटणाला हात लावत नाही, लागलेला दिवा तसाच ठेवतात, हे गाइड मुलीनं बसमध्ये दोनदा बजावलं होतं.

काका परत बटणाकडे वळले, तशी हेडसरांनी त्यांची बाही धरली. "आता पुन्हा हात लावू नका. एकदा चुकलात तेवढं बास." काका वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे खाली मान घालून जागेवर येऊन बसले.

मग यजमान आजोबा म्हणाले, "आज माशात काटे फार आहेत."

"काळजी नको," हेडसर म्हणाले. "आम्ही पट्टीचे मासेखाऊ. काटा बोटाला कळतो."

"कुणाला चष्माबिष्मा शोधायचा असेल," यजमानीणबाई हवेत बघत म्हणाल्या.

"आमचे नाकावरच आहेत," हेडसर म्हणाले.

"या मेणबत्त्या काही फार वेळ टिकायच्या नाहीत," आजोबा म्हणाले.

"चांगल्या प्रतीच्या घेतल्या की टिकतात," काका म्हणाले. आपल्या विषयातलं काही निघालं म्हणून त्यांना जरा बरं वाटलं.

काकूंचा घास हातातच राहिला. ही भाषा त्यांच्या माहेरची होती. त्यांच्या आईनं जन्मात कधी वडिलांना 'आणा' म्हटलं नव्हतं. पिठाचा डबा किती हलका लागतोय, असं ती चुलीला सांगायची आणि वडील पिशवी घेऊन बाहेर पडायचे. काकू तेच शिकून सासरी आल्या. नवरा मात्र पिशवी उचलणाऱ्यांतला निघाला नाही.

दोन वर्षं त्या ताईबद्दल सांगत होत्या. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. एकटी, तिसऱ्या मजल्यावर.

"ताईला आता जिने झेपत नाहीत हो."

"सोसायटीनं लिफ्ट बसवायला हवी."

"आपली मागची खोली नुसती पडून आहे."

"पडून कशी? माझी अवजारं आहेत तिथे."

येताना विमानात त्यांनी शेवटचं सांगून पाहिलं. "ताई वृद्धाश्रम बघून आली. आपण परतलो की जाईन म्हणते."

"अरे वा. जेवण कसं आहे तिथलं?"

सरळ मागता आलं असतं, आणि काका नाहीही म्हणाले नसते. पण ताई मानी. बहिणीनं गळ घालून मिळवलेल्या खोलीत ती पाऊल ठेवायची नाही. बोलावणं काकांच्या आपल्या मनातून आलं तरच यायची. म्हणून काकू नुसत्या जिन्याबद्दल बोलत राहिल्या.

एक मेणबत्ती फडफडली आणि विझली.

"अगं बाई, माझी पर्स कुठे दिसेना," काकू म्हणाल्या आणि उठल्या. पर्स त्यांच्या काखेतच होती. भिंतीशी जाऊन त्यांनी बटण दाबलं. खोली लख्ख झाली.

"काकू, काय केलंत हे," हेडसर म्हणाले.

यजमानीणबाई मात्र हसत होत्या. "सापडली ना पर्स? मग आता राहू दे दिवा. आम्हाला कुणाला 'लावा' म्हणता येत नाही. पण बाहेरच्या कुणी स्वतःच्या गरजेसाठी म्हणून लावला, तर त्या उजेडात बसता येतं."

"मग आम्हाला तसं सरळ सांगायचं की," काका म्हणाले.

"सांगितलं की ते मागणं झालं. आपण अंधाराबद्दल बोलायचं आणि समोरच्याला उमजेल म्हणून वाट बघायची."

"आणि नाही उमजलं तर?"

"तर अंधारात जेवायचं."

आजोबा खो खो हसले, पाठोपाठ सगळं टेबल हसलं. काकू मान खाली घालून माशातले काटे काढत राहिल्या. काकांचं जेवण तिथेच थांबलं. ते एकदा दिव्याकडे बघत होते, एकदा काकूंकडे.

जेवण आटोपल्यावर मुक्कामाच्या जागेपर्यंत पायीच जायचं होतं. हेडसर पुढे कुणाला तरी शब्बाथ समजावून सांगत चालले होते. काका काकूंबरोबर मागे राहिले. चारचौघांत आपण वरचढ ठरलो, त्याचा यांना राग आला असणार, असं काकूंना वाटलं. कोपरा आला, दुसरा कोपरा आला, तरी काका बोलेनात.

मग ते खाकरले. काकूंकडे न बघता, समोरच्या रस्त्याला सांगावं तसं म्हणाले, "मागच्या खोलीतला पंखा फार खडखडतो. ताईंची झोप जागसूद आहे म्हणतात."