हुर्यो

“कडूबाई, हा हुर्यो शब्द तुम्ही आणला कुठून?”

हुरड्यात आलेल्या ज्वारीच्या वावरात, माळ्याखाली उभं राहून माणिकराव मास्तरांनी विचारलं. वर माळ्यावर कडूबाई गोफण घेऊन पाखरं राखत होती. मास्तर ताडकळसहून दोन कोस पायी आले होते, आणि तेही एका शब्दासाठी.

पहिली निवडणूक आठ दिवसांवर आली होती. मास्तर उभे होते. परवाच्या बाजारात त्यांची पहिली सभा झाली. सडक आणतो, दवाखाना आणतो, असं ते चांगले रंगात येऊन सांगत होते. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून लांबलचक आरोळी आली, “हुर्योऽऽ!” मग सगळा बाजारच हुर्यो करायला लागला. मास्तरांचं भाषण तिथंच आडवं झालं.

शिव्या त्यांनी निजामाच्या राजवटीत पुष्कळ ऐकल्या होत्या, मराठीत आणि उर्दूतही. त्यांचं त्यांना काही वाटत नसे. हे मात्र जिव्हारी लागलं. हुर्यो म्हणजे फजिती, एवढं ठाऊक होतं. पण कशाची फजिती? मुळात हा शब्द निघाला कुठून? सोबतचे किशनराव म्हणाले, ही विरोधकांची चाल. कापडवाला बन्सीधर म्हणाला, असेल एखाद्या पलटणीतला शब्द. मास्तर शेवटी मास्तरच. मूळ कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना. पहिली आरोळी कुणाची याचा त्यांनी छडा लावला आणि निघाले. एवढं विचारायचं आणि उद्यापासून गप घरी बसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

“सांगते की. बसा सावलीला,” कडूबाई म्हणाली.

मास्तर टेकले. घसा खाकरून बोलायला लागले, “त्याचं असं आहे कडूबाई, कुठलाही शब्द...”

“हुर्योऽऽ!”

मास्तर दचकून उभेच राहिले.

“तुमाला न्हाई, पाखरांला. बोला तुमी, मी ऐकायलेय.”

गोफणीतला दगड सणसणत गेला. कणसांवरून चिमण्यांचा थवा भुर्रकन उठला. सेलूच्या बाजारपेठेत वाढलेल्या मास्तरांनी हे कधी पाहिलं नव्हतं. ते हरखून थव्याकडे बघत राहिले. शब्दाचं मूळ सापडलं होतं! दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी पाखरू?”

कडूबाईनं गोफणीत दुसरा दगड घातला.

“पण मी तुमचं काय खाल्लं, कडूबाई?”

“काईच न्हाई.”

“मग? गावाला मी नको असेन तर तसं सांगा. उद्यापासून सभा बंद करतो.”

मास्तरांच्या आवाजात इतकं दुःख होतं की कडूबाईनं गोफण खाली ठेवली आणि माळ्यावरून वाकून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“सभा कशापायी बंद करता? साऱ्या गावानं तुमालाच निवडून द्यायचं ठरिवलंय, मास्तर. म्हणून तर आत्ताच वरडून ठिवलं. कणसं खाऊन झाल्यावर वरडून काय उपेग?”