सगळं आठवणारी मैत्रीण

"पुढचा प्रश्न," टाचणी म्हणाली. "आई रागावली की मी काय करते?"

शाळेच्या मागच्या जिन्यात दोघीच होत्या. बुटकीने मांडीवरचा डबा खाली ठेवला.

"कापड कापायच्या टेबलाखाली जाऊन बसतेस. काकूंनी दोनदा हाक मारल्याशिवाय बाहेर येत नाहीस."

टाचणी म्हणाली, "बरोबर."

बुटकीने श्वास सोडला. हा खेळ नव्हता. सहलीला गेलेल्या वर्गाची होडी तळ्यात कलंडली, तेव्हा तिघी एकदम पाण्याखाली गेल्या होत्या. टाचणी, तिची बालवाडीपासूनची मैत्रीण बुटकी, आणि वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसणारी होडीवाल्याची पुतणी. दोघी चार दिवसांत दवाखान्यातून घरी आल्या. पुतणी अजून बेशुद्ध होती.

आणि टाचणीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. पाण्याखाली जीव इकडचे तिकडे झाले.

"तिघींचे हात एकमेकींत अडकले होते," ती म्हणे. "वर आलेली तू, ती तूच कशावरून? एक जरी उत्तर चुकलं, तर तू माझी मैत्रीण नाहीस. मग माझ्याशी बोलायचं नाही."

दुसरं कुणी असं बोललं असतं, तर बुटकीने त्याला वेड्यात काढलं असतं. पण खरं सांगायचं तर तिलाही धाकधूक होतीच. आंघोळीचं पाणी अंगावर घेताना ती आजकाल दचकायची. आरशात बघताना उगाच दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. काहीही चोरलेलं नसताना तिची गत चोराच्या मनात चांदणं अशी झाली होती. आपण आपण नसलोच तर? आणि टाचणीशी मैत्री तुटली तर? दुसरी मैत्रीण तिने कधी केलीच नव्हती.

म्हणून ती रोज जिन्यात बसून परीक्षा द्यायची. टाचणीच्या कपाटात खालच्या खणात काय असतं, ती कुठल्या कुशीवर झोपते, कोणती भाजी बघून नाक मुरडते. एकही उत्तर चुकलं नाही.

शनिवारी ती टाचणीकडे गेली. पुढच्या खोलीत काकूंचं शिवणाचं दुकान, मागे घर. काकू एका कोटाला काजं करत होत्या. टाचणी कापायच्या टेबलाखाली बसली होती.

"बघ," काकू म्हणाल्या. "बटणं उलटी लावली म्हणून बोलले, तर गेली बिळात. दवाखान्यातून आल्यापासून पाहुण्यासारखी वागत होती गं. चालेल, नको, थँक्यू. मला बाई काळजीच लागली होती. आता आली ताळ्यावर. जित्याची खोड म्हणतात ती हीच."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. बुटकीलाही बरं वाटलं.

"गाठ तेवढी काहीतरी नवीनच मारते," काकू दोरा ओढत म्हणाल्या. "ओढावी तशी आवळते. कुठून शिकली कोण जाणे."

"अशीच," टाचणी टेबलाखालून म्हणाली.

सोमवारी तिने शेवटचा प्रश्न विचारला.

"कुणी नसताना मी तुला काय म्हणते? आणि का?"

बुटकीला हसू फुटलं. "डावी बाही. सहावीत असताना तू काकूंना न विचारता कोट कापायला घेतलास. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यास, आणि कापड संपलं. मी सांगितलं, माझ्या हातून झालं. तेव्हापासून आपण दोघी डाव्या बाह्या. खरं काय ते काकूंना अजून माहीत नाही."

टाचणी हसली, जराशी उशिराच. मग तिने बुटकीचा हात हातात घेतला.

"पास झालीस, डावी बाही. आता परत काही विचारणार नाही."

बुटकीचा जीव भांड्यात पडला. तिला रडूच आलं.

त्याच दुपारी वर्गाच्या बाईंनी दोघींना दवाखान्यात फळं देऊन यायला सांगितलं. टाचणी नाही म्हणाली. ती पुतणीला बघायला एकदाही गेली नव्हती. "मला नाही बघवत," एवढंच म्हणून ती घरी गेली. आईला शिवणात मदत करायची होती.

बुटकी एकटीच गेली. खाटेशेजारी होडीवाला बसला होता.

"ये बाळा," तो म्हणाला. "तुम्ही दोघी वाचलात, चांगलं झालं. हिला माझ्याशिवाय कुणी नाही. आई तर हिने पाहिलीच नाही."

फळं ठेवायला बुटकी त्याच्या पिशवीचं तोंड सोडायला गेली. दोरी ओढली तशी गाठ आणखीच आवळली.

"ती अशी सुटायची नाही. होडीची गाठ आहे," तो म्हणाला. "हिला माझ्यापेक्षा चांगली यायची."

बुटकी दोरी हातात धरून तशीच उभी राहिली. एवढ्यात खाटेवर हालचाल झाली. पुतणीने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, होडीवाल्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं, आणि मग बुटकी दिसताच तिचा चेहरा उजळला.

"डावी बाही," ती बसलेल्या आवाजात म्हणाली, "आईला सांगितलंस का गं, मी इथे आहे ते?"