चौथं नाव

"मारेकऱ्याची बाईक, त्याची जिम, त्याची मैत्रीण, सगळं पुन्हा घे," प्रोड्यूसर मला म्हणाला.

आठवडी बाजारात त्या मारेकऱ्यानं नऊ माणसं गोळ्या घालून मारली, त्याला दोन दिवस झाले. दोन्ही दिवस आमच्या चॅनेलवर त्याचाच चेहरा आणि मागे दणदणीत संगीत. मेलेल्यांचा फक्त आकडा. रिपोर्टरनं घरोघरी जाऊन आणलेली त्यांची यादी माझ्याकडे तशीच पडून होती.

मी प्रॉम्प्टर चालवते. आमची अँकर समोरच्या पडद्यावर सरकेल ते वाचते, आधी कधीच बघत नाही. दुपारच्या बातम्या सुरू झाल्या आणि मी ती यादी लावली.

"सुभद्रा ढेंबरे, मेथी विकायच्या. इरफान तांबोळी, घड्याळं दुरुस्त करायचे. ओवी खरात, दुसरीत होती..."

अँकर अडखळली.

"बंद कर ते, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!" प्रोड्यूसर माझ्या अंगावर धावून आला.

"नाही येत," मी म्हणाले आणि पुढची ओळ सरकवली.

काचेपलीकडे अँकरनं प्रोड्यूसरचे हुकूम ऐकवणारा कानातला इयरपीस काढून टेबलावर ठेवला. एरवी किंचाळूनच बातम्या देणाऱ्या तिनं चौथं नाव सावकाश, खालच्या आवाजात वाचलं.