मधला राहिलेला

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी अस्मिता ग्रीक-लॅटिन उपसर्ग पाठ करत होती आणि ते म्हणवून घ्यायचं काम आईचं होतं. नायगावच्या चाळीत, दारापुढच्या गॅलरीत कोलंबी सोलता सोलता आई विचारायची.

"हायपर?"

"जास्त."

"हायपो?"

"कमी."

"मेटा?"

"मेटा... थांब, सांगते."

"पलीकडे! काय गो, सातवी शिकलेल्या आईचं पाठ झालं आणि तुझं नाही?"

परवा परळच्या इस्पितळात डॉक्टर आईसमोरच अस्मिताशी इंग्रजीत बोलले. मेटास्टॅसिस. आईच्या पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती, आता शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता.

"काय म्हणाले?" बाहेर आल्यावर आईने विचारलं.

"साधी गाठ आहे. गोळ्यांनी विरघळेल."

आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि येताना बाजारात थांबून घासाघीस करून कोलंबीचा वाटा घेतला.

त्या संध्याकाळी ती रोजच्यासारखी परात पुढ्यात घेऊन बसली.

"हायपर?"

"जास्त."

"हायपो?"

"कमी."

"पेरी?"

"भोवती... आई, मधला एक राहिला." अस्मिता सवयीने बोलून गेली.

आईने मान वर केली नाही. हातातल्या कोलंबीचा काळा दोरा तिने हलकेच ओढून काढला.

"ठाऊक आहे गो बाय. तो आता नाही विचारत तुला."