अंदाजाचं माप

बायको हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत शिंप्याने तिचे सगळे ड्रेस उसवले आणि डावी बाजू आत घेतली. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला होता. तिथे कापड लोंबू नये, एवढंच मनात होतं. पण नर्सने तिला स्तनाच्या जागी आतून लावायला मऊ उशी दिली होती. जखम भरल्यावर ती उशी लावून तिने आवडता ड्रेस चढवला, तर छातीवरच अडला. “सैल करा की,” ती म्हणाली. त्याने मान खाली घातली. “उरलेलं कापड कापून टाकलंय गं.” “गिऱ्हाइकाचं माप दोनदा घेता आणि माझं अंदाजानं?” तो ओशाळला. जखमेची पट्टी बदलतानाही तो भिंतीकडे बघायचा, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याच्या गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात दिली आणि आपला दुखरा डावा हात उचलला. “घ्या माप. या वेळी माझ्याकडे बघून.”