देवीला बोललेला कोंबडा

"काका, आधी कोंबडा खाली ठेवा, मग बोला," सेक्रेटरी अपूर्व म्हणाला.

आनंदाने ठेवला नाही. ठेवला असता तर तो मिटिंग सोडून पळाला असता आणि साठी उलटलेल्या आनंदाला त्याच्यामागे पार्किंगभर धावावं लागलं असतं. तसं एकदा झालं होतं. कुणीतरी व्हिडिओही काढला होता. त्यात कोंबडा बराच रुबाबदार दिसत होता.

पनवेलमधली ही इमारत आनंदाच्याच शेतावर उभी होती. नियम मात्र सोसायटीचा होता: आवारात कोंबड्या पाळायच्या नाहीत. त्याची बायको भामा होती तोवर हा नियम तिला कुणी ऐकवला नाही. तिची अंडी सगळ्या मजल्यांवर जात. ती गेल्यावर आनंदाने कोंबड्या आपटा गावी मेहुणीकडे पोचवल्या. हा एकच ठेवला. तो पहाटे आरवायचा आणि आनंदा त्याच्यावर "गप रे" म्हणून ओरडायचा. शेजाऱ्यांच्या मते दोघांत आनंदाचाच आवाज जास्त होता.

अपूर्वने सांगितलं, रविवारपर्यंत हाही आपट्याला पाठवा.

"नाय देता येत. नवसाचा हाय. एकवीरा आईला बोललोय."

देवीला बोललेला कोंबडा दुसऱ्या कुणाला देत नाहीत, हे वरच्या मजल्यावरच्या पुणेकरांनाही पटलं. आनंदाला वाटलं, जिंकलो. जन्मभर भामाच्या उपासतापासांना हसलेला माणूस आज देवीच्या आड लपला होता, आणि ते त्याला बऱ्यापैकी जमत होतं.

पण मग अपूर्वनेच तोडगा काढला. रविवारी सगळे मिळून कार्ल्याला जाऊ, नवस फेडून टाकू. त्याने स्वतःची गाडी देऊ केली. कुणीतरी खिडकीची जागा मागितली. कुणी रश्श्याचा विषय काढला. आनंदाने कोंबडा छातीशी आवळला. एवढा पुढचा विचार त्याने केलाच नव्हता.

तळमजल्यावरची रंजिता त्याच्याच गावची.

"थांबा जरा," ती म्हणाली. "नवस फळला तरच कोंबडा द्यायचा असतो. आनंदाभाऊ, आईकडं काय मागितलं होतं?"

आनंदा कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"भामाला दवाखान्यातून घरी आण, एवढंच."