अठ्ठ्याहत्तरपाशी

नव्या बाईला शिकवायचा कंटाळा होता, याबद्दल बयाबाईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जूनमध्ये तळेगावहून आली, ती आल्या दिवसापासून पोरांत मांडी घालून खालीच बसली. छडी नाही, दरारा नाही. पोरांनी काही विचारलं की उलट त्यांनाच विचारायची, "तुला काय वाटतं?" आता पोराला ठाऊक असतं तर ते शाळेत कशाला आलं असतं? पगार बाई घेते आणि डोकं पोरं चालवतात, असं बयाबाई गिरणीत भेटेल त्याला सांगत होती.

खरं दुखणं वेगळं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाईनं पाढे बंद केले होते.

शाळेची मागची भिंत आणि बयाबाईची पडवी यांच्यामध्ये एक फणस तेवढा. शाळा सुटायच्या आधी पाढे सुरू झाले की ती हातातलं सूप खाली ठेवायची. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. का, ते सुनांनी कधी विचारलं नाही. विचारायची टाप नव्हती. जूनपासून भिंतीपलीकडून नुसता गलका येत होता, आणि तिला हवं ते त्यात कुठंच ऐकू येत नव्हतं.

भात झोडून झालं तशी ती काठी घेऊन थेट शाळेच्या दारात उभी राहिली. एकच खोली, चार इयत्ता. पोरं फरशीवर चिंचोक्यांच्या ओळी मांडत होती.

"दुकान टाकलंय का, बाई?"

ऋचाबाई लगबगीनं उठली. "या ना, आजी. तेराचा पाढा तयार करतोय."

"पाढा तयार करत न्हाईत. म्हनत्यात." पोरं फिदीफिदी हसली, तशी बयाबाईनं काठी आपटली. "म्हना माझ्याम्होरं. न्हाईतर सरपंच माझा पुतन्या हाय, बाई. पवना नदीच्या पल्याड बदली करून घेशीला."

बाईनं पोरांकडे पाहून मान हलवली. पोरं हाताची घडी घालून उभी राहिली. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. बयाबाईनं डोळे मिटले. आवाज चढत गेला. तेरा पाचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर.

आणि सगळा वर्ग थांबला.

एक श्वास, एवढंच. पण तेवढ्यात बयाबाईचा चेहरा असा निवला, जणू अंगणातून कुणी तिला "आये" म्हणून हाक मारली. मग तेरा साती एक्क्याण्णव झालं, आणि पाढा पुढं पळाला.

"ऐकलंत?" ऋचाबाई म्हणाली. "म्हणूनच बंद केले मी. फक्त इथंच थांबतात, सगळे. का थांबता विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. मग म्हटलं, शोधून काढा."

माधवी, बयाबाईची नात, पुढं सरसावली. "आमी गावात समद्यांना इचारलं, आजी. पप्पा बी तितंच थांबत्यात. निलेशकाका कामशेतला तांदळाच्या दुकानात हिशोब करतो, त्यो बी थांबतो. शेजारच्या कान्हे गावची पोरं न्हाई थांबत. आन् आपल्यातली म्हातारी मानसं बी न्हाई थांबत. मंजी पप्पा शाळंत होते तवा काय तरी झालतं. पप्पा सांगत न्हाईत. तुला ठावं हाय का?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. घरात जे नाव निघत नव्हतं, ते कधीचं जिभेवर बसून असल्यासारखं बाहेर पडलं.

"हनुमंताला तितनं म्होरं आठवायचं न्हाई."

"कोन हनुमंता?"

"तुझा चुलता. माझा थोरला. म्होरं हुबा राहून पाढं त्योच सांगायचा. अठ्ठ्याहत्तरपाशी अडकायचा. गुरुजी म्हनायचे, थांबा रं, येईल त्याला. मंग समदी थांबायची." तिनं काठी या हातातली त्या हातात घेतली. "चौथीत होता. खाचरात साप चावला. मंग पाढं दुसरं पोरगं सांगाया लागलं. थांबायचं तेवढं ऱ्हायलं."

धाकट्यांनी मोठ्यांचं ऐकून पाठ केलं होतं, त्यांचं ऐकून त्यांच्या धाकट्यांनी. मधल्या थांबण्यासकट.

ऋचाबाईनं खडू खाली ठेवला. "पुन्हा म्हणूया?" ती पोरांना हळूच म्हणाली. "आजींसाठी."

पोरांनी म्हटलं. जपून म्हटलं, देवळात म्हणतात तसं. अठ्ठ्याहत्तरपाशी ती थांबली आणि सगळ्यांनी एकदम बयाबाईकडे पाहिलं. माधवीचे डोळे भरले होते. थांबणं लांबत गेलं. बयाबाईनं कान दिला, फळ्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत नीट दिला. फणसाची पानं वाजली. खाली महामार्गावरून एक गाडी गेली. बाकी काही नव्हतं.

"तेरा साती एक्क्याण्णव," शेवटी तीच म्हणाली.

उंबऱ्यापाशी ती वळली. आवाजात मघाचा तोरा नव्हता, रागही नव्हता.

"शिकवता तुमी झ्याक, बाई. पोरांनी इचारलं, पोरांना घावलं. आता उद्यापास्नं त्यांना तितं थांबवू नका. का थांबायचं ते ठावं न्हवतं, तवर त्यो तितं होता. आता गेला उठून."